फिर्याद चुकीच्या पत्त्यावर

२०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज सांगून खात्याने बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांचे भले केले, आम्हाला मात्र पेरणीच्या खर्चात बुडवले, असा आरोप होता. पुढच्याच वर्षी परभणीच्या ग्रामीण पोलीस ठाण्यात स्वाभिमानी शेतकरी संघटनेने तशीच तक्रार दाखल केली आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवण्याची मागणी केली. आभाळाने दगा दिला म्हणून ठाण्यात जावे, याचे शहरात कोणाला हसू आले असेल. ज्याने उसनवारी करून बियाण्याची पिशवी आणली, ती मातीत घातली आणि मग वीस-बावीस दिवस कोरड्या आभाळाकडे पाहिले, त्याला यात हसण्यासारखे काही नव्हते.

या तक्रारींमागचे मत आज परभणी जिल्ह्यात जवळपास सर्वमान्य आहे. पारावर, आडत दुकानात, कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर ते रोज ऐकू येते. त्याचे खंडन करायचे तर आधी ते पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे. दुबळे करून पाडलेला पूर्वपक्ष पडतच नाही, तो पारावर परत येऊन बसतो.

पूर्वपक्ष

पहिले म्हणणे असे की खात्याचा अंदाज खरा ठरतच नाही. पाऊस सांगितला की ऊन पडते आणि उघडीप सांगितली की वावरात पाणी तुंबते. दुसरे, संगणकाची ही सगळी यंत्रणा समुद्रकाठच्या चक्रीवादळांसाठी उभी केली आहे. परभणी अरबी समुद्रापासून चारशे किलोमीटर आत आणि बंगालच्या उपसागरापासून त्याहूनही लांब, तेव्हा आम्हाला तिचा काय उपयोग? तिसरे, शेकडो कोटींचे महासंगणक आणूनही २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट गावाचे नाव घेऊन कोणी सांगू शकले नाही. उभी ज्वारी आडवी झाली, गहू-हरभरा मातीत गेला, आणि इशारा होता तो म्हणे ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी’. चौथे, यापेक्षा पंचांगातले नक्षत्र, भेंडवळची घटमांडणी किंवा आपल्यातलाच एखादा जाणकार बरा. तो निदान आपल्या भाषेत बोलतो.

यातले प्रत्येक म्हणणे अनुभवातून आलेले आहे, त्यात खोटेपणा नाही. पण अनुभव खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. इथे तो चुकला आहे असे माझे म्हणणे आहे.

एप्रिलचा आकडा आणि उद्याचे वादळ

आधी कबुली. २०१८ मध्ये खात्याने देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ९७ टक्के राहील असे सांगितले होते आणि तो ९१ टक्के झाला. अंदाजासोबत दिलेली चार टक्क्यांची मुभा धरली तरी अंदाज हुकलाच. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. शेतकऱ्यांचा राग निराधार नव्हता.

पण हा हुकलेला आकडा कुठून आला होता? वादळे आणि चक्रीवादळे सांगणाऱ्या संगणकीय मॉडेलमधून तो मुख्यतः आलेला नव्हता. समुद्राचे तापमान, हवेचा दाब अशा मोजक्या घटकांचा आधीच्या अनेक वर्षांच्या पावसाशी असलेला संबंध पाहून सांख्यिकी पद्धतीने तो काढला होता. ही वाट जुनी आहे. हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पाऊस सांगू पाहणारे खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड आणि त्यांच्यानंतरचे गिल्बर्ट वॉकर यांच्यापासून ती चालत आली. वादळाचे मॉडेल यापेक्षा अगदी वेगळे काम करते. आत्ता, या क्षणी वातावरण कसे आहे ते घेऊन ते भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढच्या काही मिनिटांचे वातावरण मोजते, त्यावरून त्यापुढचे, आणि असे करत दहा दिवसांपर्यंत जाते. एकात जुन्या वर्षांचा हिशेब आहे, दुसऱ्यात हवेच्या हालचालीचा.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आज चार वेगवेगळे अंदाज निघतात. हंगामाचा अंदाज एप्रिल-मेमध्ये येतो, दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा येतो, रोज पुढच्या पाच दिवसांचा येतो आणि वादळी दिवशी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा येतो. हंगामाचा आकडा पीकविम्याच्या आणि धान्यसाठ्याच्या नियोजनाला उपयोगी. सेलूत पेरणी १२ जूनला करावी की २२ जूनला, याचे उत्तर त्यात नसते आणि कधीच नव्हते. त्यासाठी आपल्या कृषी विद्यापीठाचा साधा सल्ला वर्षानुवर्षे तोच आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. ९७ टक्क्यांचा मथळा वाचून पेरणी झाली असेल, तर अंदाज चुकला हे खरेच. पण तो अंदाज पेरणीसाठी वापरला जाणे ही त्याहून मोठी चूक होती आणि तिच्यात खाते, माध्यमे व कृषी यंत्रणा यांचा सारखाच वाटा होता. वादळाचे मॉडेल मात्र या खटल्यात विनाकारण आरोपी झाले.

नऊ तालुके आणि एक वाक्य

आता ‘नेहमी चुकतो’ या म्हणण्याकडे वळू. खात्याच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ ठरलेला आहे: त्या भागातल्या पर्जन्यमापकांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, पूर्णा, पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर. समजा, ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असा इशारा आला आणि जिंतूर व पालम या दोनच तालुक्यांत पाऊस झाला. अंदाज तंतोतंत खरा ठरला. पण बाकीच्या सात तालुक्यांतला प्रत्येक माणूस त्या संध्याकाळी कोरड्या अंगणात बसून ‘पुन्हा चुकले’ असेच म्हणणार. अंदाज बरोबर आणि नऊपैकी सात तालुक्यांचे मत विरुद्ध, ही स्थिती एकाच वेळी असू शकते. पारावरची निंदा बहुतेक इथेच जन्माला येते.

दुसरा घोळ दिवसाचा. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचतात आणि त्याआधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावावर मांडतात. म्हणजे २७ तारखेच्या संध्याकाळी झोडपून काढणारा पाऊस कागदावर २८ चा असतो. अंदाज २७ चा, नोंद २८ ची. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याचा प्रश्न येतो. मंडळाच्या मापकापासून आठ-दहा किलोमीटरवरचे गाव पाण्याखाली असते आणि मापकात चाळीस मिलिमीटर भरतात. अशा वेळी शेतकऱ्याचा राग मापकावर असायला हवा, पण तो निघतो अंदाजावर.

आठवणीच्या भरवशावर अंदाजाची परीक्षा करणे किती फसवे असते, याचा धडा हवामानशास्त्राने स्वतःच फार लवकर घेतला. १८८४ मध्ये अमेरिकेच्या लष्करी सिग्नल विभागातल्या जॉन फिन्ली यांनी टोर्नेडो वादळांचे अंदाज दिले आणि आपले २,८०३ पैकी ९६.६ टक्के अंदाज बरोबर आल्याचे सांगितले. गिल्बर्ट नावाच्या टीकाकाराने त्यांची वही तपासली. टोर्नेडो येणार असे फिन्लींनी १०० वेळा सांगितले होते आणि त्यांपैकी २८ वेळाच तो आला. न सांगता तो २३ वेळा आला. गिल्बर्ट म्हणाले, रोज डोळे मिटून ‘टोर्नेडो येणार नाही’ एवढेच सांगितले असते तर ९८.२ टक्के बरोबर आले असते! तेव्हापासून वादळाच्या अंदाजाची परीक्षा चार रकान्यांत करतात: सांगितले आणि झाले, सांगितले पण झाले नाही, सांगितले नाही पण झाले, सांगितले नाही आणि झालेही नाही. आपल्या आठवणीत मधले दोनच रकाने राहतात. सांगितल्याप्रमाणे कोरडा गेलेला दिवस कोणाच्या लक्षात राहतो?

गुलाब परभणीपर्यंत

चक्रीवादळ ही समुद्रकाठची गोष्ट, असे मानणाऱ्यांनी २०२१ चा सप्टेंबर आठवावा. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. परभणीपासून ते ठिकाण सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरहून दूर. जमिनीवर आल्यावर वारा मंदावतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण वाऱ्याचा जोर गेला तरी बाष्पाचा साठा आणि कमी दाबाचा भोवरा शिल्लक राहतो, आणि मराठवाड्याला खरा धोका त्याचाच असतो. गुलाबचा अवशेष तेलंगण ओलांडून २७ आणि २८ तारखेला विदर्भ-मराठवाड्यावर आला. मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले, माजलगाव धरणातून सिंदफणेत पाणी सुटले. सिंदफणेचे पाणी गोदावरीत येते आणि गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम करत पूर्णा तालुक्यात कंठेश्वरजवळ पूर्णा नदीला भेटते. काढणीला आलेले सोयाबीन शेंगेतच उगवले. तो अवशेष पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, तिथल्या उबदार पाण्यावर पुन्हा पोसला, ‘शाहीन’ हे नवे नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकला.

एका उपसागरातून दुसऱ्या समुद्रात जाणारा हा आठवडाभराचा प्रवास कोणत्याही नक्षत्रात लिहिलेला नव्हता. मॉडेलमध्ये मात्र तो आधी दिसत होता. वादळ किनाऱ्यावर येण्याआधीच ते जमिनीवरून पश्चिमेकडे सरकेल आणि तेलंगण, विदर्भ, मराठवाड्यात जोराचा पाऊस होईल, असे इशारे निघाले होते. इतक्या मोठ्या रचना, म्हणजे शेकडो किलोमीटर रुंदीचे भोवरे, संगणकाला आज चांगल्या कळतात. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळाचा मार्ग चोवीस तास आधी सांगताना २००० च्या दशकात सरासरी सव्वाशे ते दीडशे किलोमीटरची चूक व्हायची. आता ती पाऊणशे-ऐंशीच्या आसपास आली आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये आणि २०१९ च्या ‘फनी’मध्ये त्याच राज्यातला मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. याचे सगळे श्रेय संगणकाला देणे चूक ठरेल. निवारे बांधले गेले, फनीच्या वेळी बारा लाख माणसे हलवली गेली, तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत यंत्रणा शिकली. पण कोणत्या किनाऱ्यावरची बारा लाख माणसे हलवायची, हे चार दिवस आधी कळल्याशिवाय हे घडले नसते.

याच्या उलट बाजूही आहेत. २०१७ मधले ‘ओखी’ केरळ-तमिळनाडूजवळ इतक्या झपाट्याने बळावले की समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा वेळेत पोचला नाही. मार्ग सांगणे जितके सुधारले तितके ‘किती वेगाने बळावेल’ हे सांगणे सुधारलेले नाही. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’च्या वेळी मात्र इशारे कित्येक दिवस आधी निघाले होते. तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातली ‘पी-३०५’ ही बार्ज तिथेच राहिली, बुडाली, आणि तिच्यावरची व ‘वरप्रदा’ या टगवरची मिळून सत्तरहून अधिक माणसे गेली. इशारा असणे आणि इशारा मानणे यांतले अंतर संगणक भरून काढू शकत नाही.

चाळणीची भोके

आता पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा, गारपिटीचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक आला. एवढे असून गाव का सांगता येत नाही?

मॉडेल जमिनीवर आणि आभाळात चौकटी आखते आणि प्रत्येक चौकटीसाठी वारा, दाब, तापमान आणि बाष्प यांचा एकेक आकडा धरते. २०१८ पासून वापरात असलेल्या मॉडेलमध्ये ही चौकट सुमारे १२ किलोमीटरची होती. परभणी जिल्हा सहा हजार चौरस किलोमीटरहून थोडा मोठा, म्हणजे अख्खा जिल्हा चाळीस-पंचेचाळीस चौकटींत बसला. २०२५ च्या मेमध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने ती ६ किलोमीटरवर आणली, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास चौकटी झाल्या. गारा टाकणारा ढग पाच-दहा किलोमीटरचा असतो आणि तासाभरात जन्मून मरतो. चाळणीची भोके मोठी असली की तीळ खाली पडायचेच. मॉडेल त्या ढगाला प्रत्यक्ष पाहत नाही, चौकटीत असे ढग किती तयार होतील याचा सरासरी अंदाज सूत्राने घेते. संगणकाच्या पोटातही काही ठोकताळे असतात, ते असे.

तरीही गारपिटीची भट्टी पेटते आहे हे त्याला आधी कळते. उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाची थंड हवा उंचावर येते, खालून समुद्राकडचे दमट वारे येतात, जमीन तापलेली असते आणि वरच्या-खालच्या वाऱ्यांच्या दिशा वेगळ्या असतात. ही मांडणी शेकडो किलोमीटरची असल्याने ती तीन-चार दिवस आधी दिसते आणि ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी गारपीट’ हे वाक्य त्यातूनच येते. हे वाक्य पळवाट नाही, त्या क्षणी जेवढे ज्ञान आहे त्याचे ते प्रामाणिक माप आहे. जो चार दिवस आधी ‘मानवत तालुक्यातल्या अमुक गावी गारा पडतील’ असे सांगतो, तो जास्त जाणता नसून जास्त धीट असतो.

या मर्यादेचे कारण एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ मध्ये संगणकावर सापडले. जुनी गणना पुन्हा करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. थोड्या वेळाने दोन्ही गणनांतले हवामान एकमेकांना ओळखेनासे झाले. सुरुवातीच्या मोजमापातली नगण्य चूक पुढे फुगत जाते. म्हणून आज एकच गणना करत नाहीत. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून २०१८ पासून आपल्याकडे २१ गणना चालवतात. २१ पैकी १८ गणनांत जोराचा पाऊस दिसला तर विश्वास मोठा, ५ मध्ये दिसला तर लहान. पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा ठरवताना हा विश्वास आणि संभाव्य नुकसान दोन्ही पाहिले जातात. लाल म्हणजे ‘संकट नक्की’ असा अर्थ नसून ‘आता हालचाल करा’ असा आहे.

यंत्राला डोळे कोण देणार

इथे एक जुनी कथा सांगायलाच हवी. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने संगणक नसताना हाताने समीकरणे सोडवून २० मे १९१० या दिवसाचे हवामान काढून पाहिले. उत्तर आले की सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल. पृथ्वीवर असे कधी होत नाही. त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता. १९२२ मध्ये त्याने आपले अपयश पुस्तकात जसेच्या तसे छापले. पुढे कळले की समीकरणे बरोबर होती. सुरुवातीला घातलेल्या वारा आणि दाबाच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या, म्हणून सगळे बिघडले. शंभर वर्षांनंतर परभणीचे दुखणे तेच आहे: गणित पुण्यात-नोएडात आहे, मोजमाप इथे तोकडे पडते.

गारांचा ढग पकडण्याचे खरे साधन म्हणजे डॉप्लर रडार. नागपूरचे रडार परभणीपासून तीनशे किलोमीटरच्या पुढे, हैदराबादचे पावणेतीनशेच्या आसपास आणि मुंबईचे चारशेवर. पृथ्वी गोल असल्याने रडारचा सरळ जाणारा किरण दूर जाता जाता जमिनीपासून उंच उठत जातो. तीनशे किलोमीटरवर त्याचा मध्य सात-आठ किलोमीटर उंचीवर असतो. म्हणजे जिंतूरच्या डोंगरावर ढग बांधला जात असताना त्याचा पाया आणि पोट त्या रडारला दिसतच नाही, दिसला तर माथा दिसतो, तोही उशिरा. शेवटच्या तास-दीड तासात गाव-शिवार सांगण्याची जी कुवत किनाऱ्यावरच्या शहरांना मिळाली, ती मध्य मराठवाड्याला जवळच्या रडारशिवाय मिळणार नाही. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन हजार कोटींचे ‘मिशन मौसम’ मंजूर केले, त्यात रडार वाढवणे हा मोठा भाग आहे. त्यातले आपल्या वाट्याला काय आणि केव्हा, हा प्रश्न ठाण्यापेक्षा लोकप्रतिनिधींच्या दारात नेण्यासारखा आहे.

आणि हातात होते ते आपण राखले का? परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचे पत्रक दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. पाच दिवसांचा अंदाज, आणि त्याखाली फवारणी थांबवावी, काढलेले सोयाबीन झाकावे, जनावरे झाडाखाली बांधू नयेत असे पीकवार सल्ले. अंदाजाचे शेतीच्या भाषेत रूपांतर करणारा हा दुवा. पण अशाच कामासाठी देशभर कृषी विज्ञान केंद्रांत उभी केलेली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद झाली. महासंगणक वाढवायचे आणि त्याचे म्हणणे बांधावर पोचवणारा माणूस कमी करायचा, हा उलटा व्यवहार आहे. फिर्याद करायचीच तर ती इथे करावी.

नक्षत्रे आणि आपल्यातले जाणकार

चौथ्या म्हणण्यात तिरस्काराला जागा नाही. सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास होतो. रोहिणी, मृग, आर्द्रा ते हस्त-चित्रा ही मालिका म्हणजे शेकडो पावसाळे पाहून बांधलेले सरासरीचे वेळापत्रक आहे, आणि सरासरी म्हणून ते उत्तम आहे. वाटाण्याची, तुरीची, करडईची वेळ त्यावर बसवणाऱ्या पिढ्या शहाण्या होत्या. पण सूर्याची तारीख ठरलेली असल्याने हे वेळापत्रक दरवर्षी तेच सांगणार. यंदाचा मृग कोरडा जाईल का, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. आणि पंचांगातले नक्षत्राचे वाहन तर देवगडला आणि सेलूला एकच; बेडूक कोकणात जेवढा ओला तेवढाच मराठवाड्यात कसा असेल?

राहिले गावाकडचे अंदाजकार. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाब डख यांचे अंदाज आज महाराष्ट्रभर ऐकले जातात. त्यांचे श्रोते का वाढले, याचा अभ्यास खात्याने करायला हवा: बोली आपली, तारखा स्पष्ट, आणि शेवटी काय करावे हे सांगितलेले. यातले काही खात्याच्या पत्रकाने उचलावे. पण तपासणीचा नियम सर्वांना एकच असावा. खाते असो, खासगी कंपनी असो, विद्यापीठ असो वा गावातला जाणकार, अंदाज आधी लिहून ठेवावा, ठिकाण आणि तारीख त्यात असावी, आणि हंगामअखेर चारही रकाने उघड करावेत. ‘पाऊस भाग बदलत पडेल’ हे वाक्य कधीच खोटे ठरत नाही. जे खोटे ठरू शकत नाही त्यावर विश्वास ठेवायला कारण उरत नाही, मग ते कोणीही बोलो. मंडळनिहाय पावसाच्या रोजच्या नोंदी राज्याच्या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतात, त्यामुळे ही तपासणी आठवी-नववीतल्या मुलांनाही जमेल.

मंडन

तर माझा पक्ष असा. वादळाचे संगणकीय मॉडेल हे आज आपल्याजवळचे सर्वांत भरवशाचे साधन आहे. त्याचा भरवसा मात्र अंतराप्रमाणे आणि आकाराप्रमाणे बदलतो. शेकडो किलोमीटरच्या रचनेबद्दल त्याचे चार-पाच दिवस आधीचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे. तालुक्याबद्दलचे एक-दोन दिवस आधी घ्यावे. गावाबद्दल शेवटच्या दोन तासांपर्यंत थांबावे, आणि तेव्हा मॉडेलऐवजी रडारकडे व विजेची सूचना देणाऱ्या ‘दामिनी’सारख्या ॲपकडे पाहावे. गडगडाट ऐकू आल्यावर झाडाखाली उभे राहू नये, एवढे त्यातले एक पाळले तरी दर उन्हाळ्यात काही जीव वाचतील.

असा वापर होतो का, याचे उदाहरण फार लांब नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला, इतका लवकर की मे महिन्यातच मराठवाड्यात पेरणीची घाई सुटली. त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांवर आधारलेला अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला होता. पावसाच्या या लवकर आगमनानंतर मोठी उघडीप येईल हे त्यात आले होते, आणि पाऊस जूनच्या मध्यापर्यंत खरोखर अडून राहिला. २०१८ मध्ये ९७ टक्क्यांच्या एका आकड्यावर पेरणी झाली. सात वर्षांनी ‘आता थांबा’ हे सांगणारा निरोप खिशात आला. याला प्रगती म्हणायचे नाही तर कशाला?

ही नवी मॉडेलेही जुन्या नोंदींवरच शिकतात. त्यामुळे ज्या जिल्ह्यात पर्जन्यमापक विरळ, रडार दूर, आणि मापकाभोवती गवत वाढलेले, तिथला अंदाज कितीही हुशार यंत्राने दिला तरी पंगूच राहणार. म्हणून परभणीकरांच्या मागण्या तीन असाव्यात: मध्य मराठवाड्याला जवळचे रडार, प्रत्येक मंडळातल्या पर्जन्यमापकाची उघड आणि नियमित तपासणी, आणि दरवर्षी दिवाळीपूर्वी, तालुक्यानिहाय, सांगितलेल्या आणि झालेल्या पावसाचा जाहीर ताळेबंद. येलदरी, निम्न दुधना आणि माजलगाव या धरणांचे पाणी केव्हा सोडायचे याचा निर्णय पाच दिवसांच्या अंदाजाशी जोडला गेला, तर नदीकाठच्या गावांना मध्यरात्रीच्या भोंग्याऐवजी आदल्या दिवशीची दवंडी मिळेल.

ताळेबंद मागण्यात खात्याचा अपमान नाही. ज्यांचे काम बहुतेक वेळा बरोबर येते त्यांना तो सोयीचाच ठरेल, आणि जिथे चुकते तिथे नेमके कुठे चुकते ते सर्वांना दिसेल. पोलीस ठाण्यातल्या तक्रारीने चूक कोणाची हे ठरत नाही. चार रकान्यांची एक वही ते ठरवते, आणि ती वही मागण्याचा हक्क पेरणीत पैसा घालणाऱ्या प्रत्येकाला आहे.